पीडीएफची टेस्ट पास, पण आकडा वाचता येईना

आमचं सॉफ्टवेअर पीडीएफ बिलं बनवतं आणि ती आपोआप तपासायचं काम माझ्याकडे आहे. सुरुवातीला मी सरळ जुन्या-नव्या फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या डेटावरून काढलेला छोटा कोड, जुळवायचो, तर दर वेळी टेस्ट फेल, कारण फाइल कधी तयार झाली ती तारीख-वेळ आतच लिहिलेली असते, म्हणजे मजकूर तोच असला तरी फाइल वेगळी.

मग पीडीएफबॉक्स ही पीडीएफ हाताळणारी तयार कोडची लायब्ररी वापरून मजकूर बाहेर काढायला लागलो. आता पीडीएफ मुळात छापल्यासारखं पान दिसावं म्हणून आहे, कुठला आकार पानावर कुठे काढायचा हे त्यात असतं, वाक्य किंवा टेबल म्हणून काही नोंद असेलच असं नाही, त्यामुळे दोन कॉलम असले की ओळी एकमेकींत घुसतात. देवनागरीत तर आणखी त्रास. 'किंमत' लिहिताना पहिली वेलांटी क च्या आधी काढली जाते ना, मग बाहेर काढलेल्या मजकुरातही ती कधीकधी आधीच येते, डोळ्यांना बरोबर आणि टेस्टला चूक. तुलनेआधी दोन्हीकडचा मजकूर युनिकोडच्या एनएफकेसीने (वेगवेगळ्या रूपांत साठवलेली तीच अक्षरं एकसारखी करणारी पद्धत) नॉर्मलाइज करा, जोडून छापलेलं इंग्रजी एफ-आय, वेगळ्या प्रकारची स्पेस असलं बरंच त्यात निघून जातं. वेलांटीचा क्रम मात्र त्याने सुधरत नाही, ते पीडीएफ बनवतानाच नीट करावं लागतं.

एवढं सगळं केलं आणि तरी चूक निसटलीच. एका ग्राहकाचं नाव इतकं लांब होतं की कॉलममध्ये न मावता थेट रकमेवर चढलं. मजकूर काढला तर नावही बरोबर, रक्कमही बरोबर, टेस्ट पास! आणि ज्याला पैसे भरायचे त्यालाच आकडा वाचता येत नव्हता. मला खरंच फार वाईट वाटलं, कारण बिल शेवटी माणूस वाचतो.

पानाची इमेज करून पिक्सेल जुळवणं हा एक उपाय आहे, पण लायब्ररीचं व्हर्जन बदललं की अक्षरांच्या कडा जराशा बदलतात आणि उगाच फेल येतात, म्हणून ते मी फक्त दोन-तीन मुख्य नमुन्यांवर ठेवलंय, तारखेचा भाग झाकून. बाकी ठिकाणी पीडीएफबॉक्स प्रत्येक अक्षराची जागा आणि रुंदी देतं तीच वापरतो, नावाचा चौकोन रकमेच्या चौकोनात शिरला की टेस्ट फेल. हे मला सगळ्यात पटलंय. टेस्ट डेटात आता ते लांबलचक नाव कायमचं आहे, शिवाय दुसऱ्या पानावर जाणारी यादीही.