भिंतींवरचा भार उतरला तेव्हा

बेळगावच्या शहापूर भागातील जुन्या घरांच्या भिंती जाडजूड आहेत, कारण माळ्याचे आणि छपराचे ओझे त्यांनाच पेलावे लागते. शिकागोतील मोनाडनॉक इमारतीचा १८९१ मधील १६ मजली भागही असाच भिंतींवर उभा आहे, आणि म्हणून त्या भिंती तळाशी सुमारे ६ फूट जाड आहेत. रस्त्यालगतची मोलाची जागा त्यांनीच व्यापली आहे.

१८७१ च्या आगीनंतर शिकागोतील जमीन महागत गेली, तेव्हा वर चढण्यावाचून गत्यंतर उरले नाही. सुरक्षित लिफ्ट तोवर आलेलीच होती. वास्तुकार विल्यम ले बॅरन जेनी यांनी १८८५ मध्ये पूर्ण झालेल्या १० मजली होम इन्शुरन्स इमारतीत बराचसा भार लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर टाकला. तिला पहिली गगनचुंबी इमारत म्हणावे का, हा वाद मला गौण वाटतो. आज बेळगावच्या टिळकवाडीत आधी खांब-तुळया आणि मग विटा चढतात, त्यामागील विचार मात्र तोच आहे.

इमारतीच्या रूपाने तिच्या कार्यामागून यावे, हे सूत्र वास्तुकार लुई सलिव्हन यांनी १८९६ मध्ये मांडले. त्यांच्या सेंट लुईसमधील वेनराइट इमारतीत खाली दुकाने, वर एकसारख्या कचेऱ्या आणि माथ्यावर यंत्रसामग्री अशी मूळ योजना होती आणि बाहेरून ही विभागणी स्पष्ट ओळखू येते. तरीही तिच्या दर्शनी खांबांपैकी एकाआड एक खांबातच पोलाद आहे. उरलेले केवळ उभ्या रेषांचा जोर वाढवण्यासाठी आहेत, आणि सलिव्हन यांची ही सौंदर्यदृष्टी मला त्यांच्या सूत्राइतकीच महत्त्वाची वाटते.