काळा दगड रेघेवर फोडायची शर्यत

मराठवाड्यात पाथरवटांचा मेळावा भरवायचा, तर दगड सरळ फोडायची शर्यत हवीच. आधी दगड हातोडीनं वाजवून बघा. खणखणला तर घ्या. बद्द आवाज आला तर आत चीर असणार, सोडून द्या. सुतानं रेघ मारून चार-चार इंचांवर भोकं पाडायची. प्रत्येक भोकात एक पाचर बसवायची, पण ती भोकाच्या बुडाला टेकता कामा नये. टेकली की ठोका वाया जातो, पाचर उसळते. मग ओळीनं प्रत्येकीवर एकेक बेताचा ठोका. आवाज चढला की जरा थांबायचं. घाईत एकाच पाचरीवर घण घातला, तर चीर रेघ सोडून पळते. वेळेचे गुण कमी ठेवा, फुटलेल्या तोंडाच्या सपाटीचे जास्त. मेळाव्यात जात्याला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं त्याचं तोंड खरबरीत करायची, कार्यशाळा ठेवलीत, तर तिथं मात्र चष्म्याशिवाय कुणाला बसवू नका. काळ्या पाषाणाची कपची सुरीसारखी उडते.