पानगळीची आणि हिवाळ्याची झाडं निवडताना: माझा अनुभव

माझी पहिली यादी पानांच्या रंगावर केलेली होती आणि तिथेच चूक झाली. पानगळीचा रंग जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतो. त्यानंतर कडक थंडीच्या भागात बाग तीन-चार महिने उघडी दिसते. म्हणून दुसरी यादी उलट्या क्रमाने केली: आधी खोडं-फांद्या, मग फळं, शेवटी पानं. रोज ज्या खिडकीतून बाहेर बघणं होतं, तिथे उभं राहूनच जागा ठरवल्या.

सुरुवात लाल फांद्यांच्या डॉगवूडपासून, म्हणजे कॉर्नस आल्बा 'सिबिरिका'. लाली असते ती कोवळ्या फांदीला. फांदी जून झाली की साल मळकट तपकिरी पडते. त्यामुळे झुडूप रुजल्यावर, तिसऱ्या वर्षापासून दर वसंताच्या तोंडावर, डोळे फुटायच्या आत सर्वांत जुन्या एक तृतीयांश फांद्या जमिनीलगत कापायच्या. ही छाटणी टाळली की लाली शेंड्यांपुरतीच उरते. मागे गडद हिरवं सदाहरित झुडूप हवंच, नाहीतर भुऱ्या कुंपणापुढे ती उठून दिसत नाही.

विंटरबेरीला, म्हणजे हिवाळ्यात लाल फळं मिरवणाऱ्या झुडपाला, पहिल्या वर्षी एकही फळ धरलं नाही. नर आणि मादी झुडपं वेगळी असतात आणि लावलेली सगळी मादी होती! नुसता नर आणूनही भागत नाही, दोघांचा फुलोरा एकाच वेळी यावा लागतो. 'रेड स्प्राइट' या मादी जातीला 'जिम डँडी' हा नर चालतो, उशिरा फुलणाऱ्या 'विंटर रेड'ला 'सदर्न जंटलमन'. पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो, मात्र तो जवळपास हवा.

पानांसाठी फोदरगिला हे झुडूप मला सर्वांत आवडतं. एकाच पानावर पिवळा, नारिंगी आणि लाल शेजारी-शेजारी उतरतात. माती आम्लधर्मी हवी आणि ऊन भरपूर. लाल रंगद्रव्य पानातल्या साखरेवर बनतं, त्यामुळे दाट सावलीत पान पिवळ्यावरच थांबतं. उन्हाळा सरताना नत्रखत दिलं तर कोवळी वाढ चालू राहते, रंग यायला उशीर होतो आणि ते शेंडे थंडीत जळतात. बियांपासून केलेल्या रोपांचा रंग सारखा येत नाही, म्हणून नाव असलेली जात घ्यावी. जमल्यास नर्सरीत पानगळीतच जावं, म्हणजे रंग डोळ्यांनी बघून घेता येतो.

शोभेची गवतं शरदात कापू नयेत. दंव बसलेले वाळके तुरे हीच त्यांची हिवाळ्यातली शोभा. वसंतात नवे कोंब दिसायच्या आत १०-१५ सेंमीवर कापावीत. उशीर झाला तर कोंबांचे शेंडे कापले जातात आणि ती बोथट टोकं बराच काळ दिसत राहतात.