पुणे, सासवड, जेजुरी: पालखीच्या वाटेवर छोट्या कॅमेऱ्याची बॅग

माऊलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडला आणि पुढे जेजुरीपर्यंत चालायचं, सोबत कॅमेराही न्यायचा, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कॅमेरा कोणता न्यावा हे सगळे विचारतात, बॅगेचं कुणी विचारत नाही. या वाटेवर मात्र सगळं बॅगेवरच अवलंबून असतं. पुण्यातून निघाल्यावर सासवड तीस किलोमीटरच्या आसपास, त्यातही शेवटी दिवे घाट. पाऊस कधीही येतो, गर्दीत कोपर हलवायला जागा नसते आणि जेजुरीत डोक्यावर भंडारा उधळला जातो. अशा वेळी बॅग सोयीची नसेल तर कॅमेरा दिवसभर आतच राहतो.

माझ्याकडे ऑलिंपसचा ई-एम१० मार्क २ आहे. बॅटरी-कार्डासकट साधारण ३९० ग्रॅम. सोबत तीन लेन्सा: जवळून घ्यायला पॅनासॉनिकची २० मिमी एफ/१.७, थोड्या अंतरावरून चेहऱ्यांसाठी ऑलिंपसची ४५ मिमी एफ/१.८ आणि लांबचं जवळ आणणारी ४०-१५० मिमीची साधी झूम. या तीन लेन्सांचं वजन मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास भरतं. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्याची ७०-२०० एफ/२.८ झूम एकटीच एक ते दीड किलो भरते, हे लक्षात घेतलं की माझ्यासारखा छोट्या सेन्सरचा कॅमेरा या वाटेला का बरा ते कळतं. पण यातल्या एकाही वस्तूला पावसापासून संरक्षण नाही. ती सगळी जबाबदारी बॅगेवर येते.

बॅग घ्यायला गेलं की दुकानदार आधी डीएसएलआरची चौकोनी खोकाबॅग पुढे करतो. गाद्या जाड, आत जागा भरपूर, किंमतही बरी. गर्दीत मात्र ती कमरेपासून वीतभर बाहेर येते आणि बाजूच्या माणसाला लागत राहते. पाठीवरची सॅक आरामाची खरी, पण कॅमेरा काढायचा तर थांबून ती उतरवावी लागते. दिंडीत मध्येच थांबलात तर मागची ओळ तुमच्या अंगावर येते. शिवाय पाठीमागची चेन कोण उघडतंय ते दिसत नाही. कमरेची पट्ट्याची बॅग बऱ्याच जणांना आवडते. मला तिचा घाम नको होतो, आणि जमिनीवर मांडी घालून बसताना ती पोटात रुतते. वारीत तर सारखं जमिनीवरच बसायचं असतं.

म्हणून मी तिरकी अडकवायची, छातीच्या खाली पुढे राहणारी छोटी स्लिंग घेतली. आतलं माप साधारण २२ सेंटीमीटर रुंद, १५ उंच, १० खोल, म्हणजे तीन-साडेतीन लिटर. कॅमेऱ्याला २० मिमी लावलेली असली की त्याची खोली सव्वासात सेंटीमीटर होते, त्यामुळे १० खोलीत तो आडवा सहज बसतो. शेजारच्या कप्प्यात झूम उभी राहते आणि ४५ मिमी तिच्या पलीकडे. मधल्या वेल्क्रोच्या भिंती हलवता येतात. यापेक्षा मोठी बॅग घेऊ नका. मोकळी जागा दिसली की आपण तिथे चार्जर, छत्री, केळी असं काहीही कोंबतो, आणि दुपारपर्यंत खांदा भरून येतो.

दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा आणि लेन्सा घेऊन जा. बॅग गळ्यात घाला आणि एका हाताने, बॅगेकडे न बघता कॅमेरा काढून परत ठेवा. झाकण कुठल्या बाजूला उघडतं ते नीट पाहा. झाकणाची बिजागरी अंगाकडे हवी, म्हणजे ते तुमच्या पोटाकडे उलटतं आणि हात सरळ आत जातो. कितीतरी बॅगांमध्ये याच्या उलट असतं. मग उघडलेलं झाकण बाहेर लोंबतं आणि त्याला शेजाऱ्याचा हात लागतो. पट्टा निदान चार सेंटीमीटर रुंद असू द्या. अडीचचा पट्टा घाट चढेपर्यंत गळ्याजवळच्या हाडावर वळ उठवतो. ओढणी घेणाऱ्या बायकांनी ती बॅगेच्या पट्ट्याखालून घ्यावी. वरून घेतली तर दर वेळी कॅमेऱ्याबरोबर तीही ओढली जाते.

झाकण फक्त वेल्क्रोने बंद होणारी बॅग मी मुद्दाम टाळली. त्याचं कारण सासवडला कळतं, पुढे सांगते.

पावसाची परीक्षा घरीच घ्यायची. बॅगेत वर्तमानपत्राचे बोळे भरा, झाकण लावा आणि पाच मिनिटं नळाखाली धरा. कापड बहुतेक वेळा टिकतं, पाणी शिरतं ते चेनमधून, शिवणीतून आणि पट्टा जिथे शिवलेला असतो त्या कोपऱ्यातून. कुठला बोळा ओला झाला ते पाहिलं की कुठली लेन्स कुठे ठेवायची नाही हे समजतं. चेनवर कापडाची पट्टी असलेली बॅग मिळाली तर तीच घ्या. आणि पाऊस अडवायला बॅगेबरोबर येणाऱ्या टोपीछाप कव्हरावर विसंबू नका. ते चढवलं की बॅग उघडताच येत नाही.

आता वाट. माऊलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाकडून पहाटे निघते. हडपसरपर्यंत दोन्ही सोहळ्यांची एकच गर्दी असते. तिथून तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते आणि माऊलींची सासवड रस्त्याला वळते. हडपसरपर्यंत कॅमेरा बाहेर काढायची घाई करू नये, असं माझं मत आहे. बघ्यांची आणि वाहनांची दाटी इतकी असते की फोटोत वारकऱ्यांपेक्षा मोबाईल धरलेले हातच जास्त येतात. फुरसुंगी, उरुळी देवाची मागे पडली की रस्ता मोकळा होतो, दिंड्या आपापल्या ओळीत येतात आणि टाळांचा ठेका स्पष्ट ऐकू यायला लागतो. इथे २० मिमी पुरते. चालता चालता, दोन पावलांच्या अंतरावरून.

हा टप्पा बहुधा एकादशीला येतो. वाटेत साबुदाण्याची खिचडी, केळी, शेंगदाण्याचे लाडू, राजगिरा असं उपवासाचं वाटप चालू असतं, त्यामुळे खाण्याचं ओझं नेण्याची गरज नाही. फक्त खिचडीचा तेलकट हात कॅमेऱ्याला लागतो. जुना सुती रुमाल बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, लेन्स पुसायचं कापड वेगळं.

वडकीच्या विसाव्याला पावसाची पहिली मोठी सर आली. आजूबाजूच्या बायकांनी क्षणात रंगीत प्लास्टिकचे कागद डोक्यावरून घेतले, डोक्यावरच्या तुळशीसकट. शेजारच्या मावशी परभणीकडच्या होत्या. माझी बॅग बघून म्हणाल्या, "एवढुशा पिशवीत काय हाय गं माऊली?"

"कॅमेरा आहे, मावशी."

"मग त्येला भिजवू नको. ह्यो घे कागद."

त्यांनी आपल्या कागदाची घडी उलगडून तिचा एक तुकडा फाडून दिला. तो गळ्याशी खोचून बॅगेवरून खाली सोडला की कागदाच्या आतल्या आत बॅग उघडता येते आणि कॅमेऱ्याचं फक्त तोंड बाहेर काढून फोटो घेता येतो. महागड्या कव्हरांपेक्षा ही सोय सरस आहे. वाटेवर हे कागद जागोजागी विकायला असतात. दोन घ्या, एक तुमच्यासाठी आणि एक मागच्या कुणासाठी.

दिवे घाटात पालखी दुपार टळल्यावर चढते. रथाला जादा बैलजोड्या लावतात. वळणावरच्या उंचवट्यावरून खाली पाहिलं की मस्तानी तलाव दिसतो आणि रस्ताभर पताकांची रांग. झूमचं काम इथेच आहे. लेन्स बदलायची तर घाट चढायच्या आधी, वडकीलाच, आडोशाला बसून बदला. कॅमेऱ्याचं तोंड खाली, नवी लेन्स आधी टोपण काढून हाताशी, आणि सगळं बॅगेच्या आतच करायचं. बॅगेची खोली १० सेंटीमीटर घ्यायला मी सांगते त्याचं हेही एक कारण आहे. त्यात हात आणि कॅमेरा दोन्ही मावतात. फोटोसाठी दरडीच्या कडेला चढणारे पुष्कळ असतात. पावसाने ती माती सुटलेली असते आणि खाली माणसं चालत असतात. कृपा करून चढू नका. रस्त्याच्या वळणावरून तोच देखावा मिळतो.

सासवडला संध्याकाळी तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्यांचा टाळ-मृदंग टिपेला पोचलेला असतो, आणि चोपदारांनी दंड उंचावला की तो अफाट जमाव एकदम शांत होतो. हरवलं-सापडलं ते त्या शांततेत पुकारलं जातं, मग आरती. त्या वेळी वेल्क्रोचं झाकण चर्रकन उघडणं म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्यावरच समजतं. आजूबाजूच्या शंभर माना वळतात. चेन आणि बकलची बॅग असेल तर हा प्रश्नच येत नाही. कॅमेऱ्याचा इलेक्ट्रॉनिक शटर चालू करून ठेवा, तोही मुका असतो. तसं पाहिलं तर त्या क्षणी फोटो न काढता नुसतं उभं राहावं असंच मला वाटतं.

सासवडला दुसरा दिवस मुक्कामच असतो. सोपानदेवांच्या समाधीचं दर्शन घ्या आणि बॅग पूर्ण रिकामी करून वाळवा. चार्जिंगला रांग असते. माझा कॅमेरा पॉवर बँकेवर चार्ज होत नाही आणि एका बॅटरीत ३२० च्या आसपास फोटो निघतात, म्हणून दोन जादा बॅटऱ्या प्लास्टिकच्या चेनवाल्या पाकिटात नेल्या. त्या पुरल्या.

सासवडहून जेजुरी हा टप्पा छोटा. बोरावके मळा, यमाई शिवरी, साकुर्डे, आणि मग लांबूनच गड दिसायला लागतो. साकुर्ड्याला थांबून कॅमेऱ्यावर २० मिमी लावा, पुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्स वाचवणारी साधी काच, चढवा, बाकी दोन्ही लेन्सा वेगवेगळ्या पिशव्यांत घालून तोंड बंद करा. त्यानंतर जेजुरी सोडेपर्यंत लेन्स काढायची नाही. पालखी आली की "यळकोट यळकोट जय मल्हार"च्या गजरात भंडारा उधळतात, आणि काही मिनिटं हवा पिवळी होते. हा भंडारा पिठासारखा बारीक असतो. दमट हवेत तो चिकटतो. चेनच्या दातांत बसतो, वेल्क्रोच्या केसांत बसतो, झूमच्या बाहेर सरकणाऱ्या नळीवर बसला तर तिच्याबरोबर आत जातो. म्हणून इथे झूम नकोच. बॅग कागदाखाली, कॅमेरा हातात, पट्टा मनगटाला दोन वेढे.

नंतर ओल्या कापडाने पुसायची चूक करू नका, हळदीचा लेप होतो. आधी मऊ कोरड्या ब्रशने झटका, मग रबरी फुग्याच्या फुंकणीने हवा मारा. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे थेंब उडतात. फिल्टर काढून पाण्याने धुवा. हे सगळं झाल्यावरच लेन्सला हात लावायचा.

घोळक्यात कुणाचाही फोटो घेण्याआधी नजर मिळवा, "माऊली" म्हणून हात जोडा. मान हलली तर घ्या. टँकरखाली, विहिरीवर अंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो काढणारे लोक दर वर्षी दिसतात. कॅमेरा बॅगेत ठेवायचा तो पावसापासून वाचवायला तसाच अशा वेळीही.

परतीसाठी जेजुरीला पुणे-मिरज मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे. सासवडहूनच परतायचं असेल तर पालखीच्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो आणि वाहतूक बोपदेव घाटाने वळवतात. पोलिसांचं त्या वर्षीचं पत्रक आधी पाहून ठेवा.

घरी आल्यावर बॅग कपाटात टाकू नका. ओली बॅग आणि जुलैची हवा मिळाली की लेन्सवर बुरशी धरते, आणि ती काचेच्या थरात घुसली की साफ करूनही डाग राहतात. कॅमेरा-लेन्सा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. बॅगेच्या भिंती सुट्या करून सगळं पंख्याखाली दोन दिवस वाळू द्या, मग झटका. हळदीचे डाग साबणाने धुतले तर लाल पडतात, पण घाबरायचं कारण नाही. साबण पूर्ण निघेपर्यंत साध्या पाण्याने खळबळलं की ते परत पिवळे होतात, आणि ऊन पडेल त्या दिवशी बॅग उलटी करून गच्चीत टांगली की हळूहळू फिके होत जातात. आतलं अस्तर गडद रंगाचं असेल तर तेवढीही दगदग नको. चेनच्या दातांवरून शेवटी मेणबत्ती घासा, म्हणजे पुढच्या आषाढीपर्यंत ती अडकणार नाही.