ब्रॅम्प्टनच्या तळ्यातले तपकिरी गोल्डफिश

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या आमच्या ब्रॅम्प्टनमध्ये नवी वस्ती उभी राहिली की तिच्याबरोबर बहुतेक वेळा एक तळंही खणतात. शोभेसाठी नाही हं. छपरांवरचं, रस्त्यावरचं पावसाचं पाणी एकदम ओढ्यात धडकू नये, आधी थांबावं, गाळ खाली बसावा आणि मग सावकाश पुढे जावं म्हणून. याला स्टॉर्मवॉटर पॉन्ड म्हणतात. कडेने चालायची वाट, दोनचार बाक, बर्फावर जाऊ नका अशी पाटी. लोक कुत्री फिरवतात, आजीआजोबा संध्याकाळी गप्पा मारत बसतात, पाण्यात डोकावून कुणी फारसं बघत नाही, आणि मला मात्र आता त्या पाण्याचंच वेड लागलंय.

कारण त्यात गोल्डफिश आहेत. चिकार. दुकानात काचेच्या भांड्यात दिसतात तेच, पण इथे तळहातापेक्षा मोठे झालेले, झुंडीने फिरणारे. कुणीतरी घरातला नकोसा झालेला मासा आणून सोडतो, आणि अशा उथळ, कोमट, गढूळ पाण्यात, जिथे दुसरा मोठा शिकारी मासा जगतच नाही, तिथे या माशांचं चांगलंच फावतं. मादी एका हंगामात हजारो अंडी घालते, ती चिकट असतात, पाणवनस्पतींना चिकटून राहतात.

आता खरी गंमत ऐका. काठावर उभं राहिलं की आपल्याला नारिंगी मासे दिसतात आणि आपण म्हणतो अरे पाचसहाच तर आहेत. पण बाकीचे कुठे असतात माहितेय? त्यांच्याच खाली, तळाच्या रंगात मिसळून गेलेले, शेवाळी-तपकिरी, पितळेसारखी झाक असलेले. तेही गोल्डफिशच. पूर्व आशियातला जो मूळ रानटी मासा आहे तो याच रंगाचा असतो, चीनमध्ये सुमारे १,००० वर्षांपूर्वी लोकांनी त्यातले लाल-पिवळे निघालेले मासे वेगळे काढून वाढवले आणि तिथून हा सोनेरी मासा आला. पिल्लं आजही जन्मतात ती काळपट रंगाचीच, नंतर रंग बदलतात, काहींचा बदलतच नाही. आणि उघड्या तळ्यात जो भडक तो आधी पकडला जातो. इथे ग्रेट ब्लू हेरॉन म्हणून बगळा येतो, आपल्या राखी बगळ्याचा मोठा भाऊ शोभेल असा, तो तासन्तास एका पायावर उभा असतो आणि नारिंगी मासा त्याला आपल्यासारखाच लांबून दिसतो! मग उरतात ते तपकिरी, त्यांचीच पिल्लं वाढतात. म्हणून तपकिरी मासे जास्त दिसायला लागले की समजायचं, इथे नुसतं कुणी मासे सोडलेले नाहीत, त्यांची पिढ्यान्पिढ्या वस्ती झालेली आहे.

आणि ते फुग्यासारख्या डोळ्यांचे, दुहेरी झालरीच्या शेपटीचे गोल्डफिश इथे सहसा दिसत नाहीत, त्यांना धड पोहताच येत नाही तर जगणार कसे. दिसतात ते साध्या एकेरी शेपटीचे.

ओळखायचं कसं ते सांगते, कारण इथेच सगळे फसतात. तपकिरी गोल्डफिश आणि कॉमन कार्पचं पिल्लू शेजारी ठेवलं तर पहिल्या नजरेत फरक कळत नाही. दोघांच्या पाठीवरचा पर लांबलचक, दोघांच्या पराच्या सुरुवातीला करवतीसारखे दाते असलेला काटा. तर सगळ्यात आधी तोंड बघायचं. कार्पच्या तोंडाच्या कडेला मिशा असतात, दोन लहान दोन मोठ्या. गोल्डफिशला मिशी अजिबात नाही. शोभेच्या हौदातले कोई मासे म्हणजे कार्पच, म्हणून कितीही सुंदर नारिंगी-पांढरा असला तरी मिशा दिसल्या की तो कोई. मग खवले. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत कडेने एक रेघ जाते त्या रेघेवरचे खवले मोजायचे, गोल्डफिशला साधारण तीसच्या आसपास किंवा कमी, कार्पला पस्तीस किंवा पुढे. जिवंत माशावर हे कसं मोजणार असं वाटेल, पण चांगला फोटो असेल तर घरी झूम करून आरामात मोजता येतात, मी मोजते.

पण या दोघांचा संकरही होतो! आमच्यापासून साधारण तासाभरावर हॅमिल्टन हार्बर आहे, लेक ओंटारिओचं पश्चिमेचं टोक, तिथे असे संकर भरपूर सापडतात, त्यांना मिशा असतात पण बारीकशा, कधी एकाच बाजूला. अशा वेळी मी फोटोखाली सरळ कार्प किंवा गोल्डफिश किंवा संकर असं लिहून मोकळी होते. छातीठोकपणे चुकीचं नाव लावण्यापेक्षा ते बरं. तिकडे पश्चिम कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात तर प्रशियन कार्प नावाचा गोल्डफिशचा सख्खा भाऊबंद पसरलाय, तो डोळ्यांनी वेगळा काढणं इतकं कठीण की जनुकीय तपासणी करून खात्री करावी लागली.

अजून एक घोटाळा होतो तो पंपकिनसीडचा. हा इथला अस्सल स्थानिक मासा, पोट नारिंगी, अंगावर निळसर रेघा, आणि कानाच्या जागी काळा ठिपका व त्याला लाल कड. पाण्यातून नारिंगी पोट चमकलं की लोक गोल्डफिश गोल्डफिश म्हणून ओरडतात. याच्या पाठीवरच्या पराचा पुढचा भाग काट्यांचा आणि मागचा मऊ. पण मला विचाराल तर ओळखायची सगळ्यात गोड खूण त्याचं वागणं आहे. उन्हाळा लागता लागता नर काठाजवळच्या उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून ताटाएवढी गोल स्वच्छ जागा करतो आणि अंड्यांवर पहारा देतो, दुसरा मासा जवळ आला की धावून जातो, मग तो आकाराने दुप्पट का असेना. गोल्डफिश अंडी घालून निघून जातात आणि वर दुसऱ्यांची अंडी खातात. हे डोळ्यांनी बघितलं ना की सोडलेल्या माशाने कुणाचं काय बिघडतं हा प्रश्न पडत नाही.

बिघडतं म्हणजे कसं, तर गोल्डफिश तळ उकरत खातात. गाळ वर येतो, पाणी गढूळ होतं, ऊन खाली पोचत नाही, पाण्याखालची झाडं मरतात, आणि त्या झाडांत लपणारी स्थानिक पिल्लं उघडी पडतात. निळं-हिरवं शेवाळ त्यांच्या आतड्यातून जिवंत बाहेर येतं आणि उलट जोमाने वाढतं असंही अभ्यासात दिसलंय. हॅमिल्टनमध्ये फिशरीज अँड ओशन्स कॅनडा या सरकारी खात्याच्या शास्त्रज्ञांनी गोल्डफिशच्या पोटात आवाजाचे संकेत सोडणारे छोटे टॅग बसवून ते कुठे जमतात, अंडी घालायला कुठे जातात याचा माग काढला. तिथल्या कूट्स पॅरडाइज पाणथळीत मोठे कार्प शिरू नयेत म्हणून १९९० च्या दशकापासून गजांचं फाटक आहे. लहान गोल्डफिश त्या गजांमधून आरामात जातात.

थंडीत मरत नाहीत का? मलाही हेच वाटायचं. तळं वरून गोठतं, बर्फाखालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो, बाकीचे मासे गुदमरतात. गोल्डफिश आणि त्याचा युरोपातला भाऊ क्रूशियन कार्प शरीरात साठलेल्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करतात आणि ते कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतात. २०१७ मध्ये ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी यामागची यंत्रणा उलगडली, क्रूशियन कार्पच्या रक्तात १०० मिलीलिटरला ५० मिलीग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडतं, म्हणजे स्कॉटलंडमध्ये गाडी चालवायला बंदी होईल इतकं. निसर्गाने काय जीव बनवलाय बघा!

आता वनस्पती. मासे बघता बघता मी झाडांकडे वळले कारण मासे पळून जातात, झाडं थांबतात. मिलफॉइल घ्या, पिसासारख्या पानांचं. देठाभोवती चार-चार पानं. एका पानावरच्या बारीक पात्यांच्या जोड्या मोजायच्या, बारा किंवा जास्त असतील तर बहुतेक युरेशियन, म्हणजे उपरं, त्याहून कमी असतील तर बहुतेक इथलं. पाण्यातून बाहेर काढलं की उपरं लगेच मलूल होऊन चिकटतं, इथलं जरा ताठ राहतं. कर्ली पॉन्डवीडची तर पानाची कड करंजीच्या कडेसारखी मुरड घातलेली, एकदा बघितली की विसरणार नाही. फ्रॉगबिट म्हणजे रुपयाएवढ्या-दोन रुपयाएवढ्या कमळपानांची चटई, पण उचलली तर मुळं खाली नुसती लोंबत असतात, जमिनीत रुजलेली नसतात. ही १९३२ मध्ये ओटावाच्या सेंट्रल एक्सपेरिमेंटल फार्ममध्ये मुद्दाम आणली आणि १९३९ मध्ये रिडो कालव्यात सापडली. सात वर्षं फक्त! काठावर बोरूसारखं दोन माणसं उंच वाढणारं फ्रॅगमायटिस गवत आहे, त्यात देशी प्रकाराचा देठ लालसर गुळगुळीत आणि उपऱ्याचा फिका, खरखरीत.

आणि हायड्रिला. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात चंचुपात्रात उलटं नरसाळं ठेवून जिचे बुडबुडे मोजायचो तीच. आपल्याकडे ती घरची आहे, इथे ओंटारिओत ती बंदी असलेली वनस्पती, २०२४ मध्ये लेमिंग्टनजवळच्या पाणथळीत सापडली तर केवढी धावपळ झाली. हिच्यासारखीच दिसणारी एलोडिया मात्र इथली स्थानिक. एलोडियाला देठाभोवती तीन-तीन पानं, हायड्रिलाला बहुतेक पाच, आणि पानाच्या कडेला बोटाला लागतील असे दाते. इथे असं काही संशयास्पद दिसलं तर उपटायचं नाही, तुकड्या-तुकड्यातून नवी झाडं होतात, फोटो काढून सरकारी यादीत किंवा आयनॅचुरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचा.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. शेजाऱ्यांच्या मुलाचा गोल्डफिश होता, त्यांना घर बदलायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग तळ्यात सोडा की, जगेल बिचारा, पुण्यच लागेल." मी म्हटलं, "आई, तो जगेलच हो, तोच तर त्रास आहे." मग आम्ही दोघी तळ्यावर गेलो, त्यांना पंपकिनसीडची ती झाडलेली जागा दाखवली, पहारा देणारा नर दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे दुकानवाले परत घेत नाहीत का?" काही घेतात. नाहीतर ओळखीत कुणाकडे मोठा टँक असतो, त्यांना द्यायचा. तो मासा शेवटी नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकांच्या टँकमध्ये गेला. टाकीतली झाडंसुद्धा नाल्यात किंवा टॉयलेटमध्ये नाही, पूर्ण वाळवून कचऱ्यात.

हे सगळं तिकडे महाराष्ट्रातल्यांना का सांगतेय, तर उजनी धरणात चिलापी मासळी काय कमी आहे? आफ्रिकेतली ती, आणि आज तिथल्या जाळ्यात तीच. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून आलेली, मुळा-मुठा आणि पंचगंगेत दरवर्षी बघताच. विसर्जनाच्या घाटावर मासे सोडणारे, गणपतीनंतर टँक रिकामा करणारे आपल्यातही आहेत.

बघायला जायचं तर दुपारी ऊन पाठीशी घेऊन उभं राहा, पोलराइज्ड चष्मा असेल तर पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ स्वच्छ दिसतो, पाव टाकू नका. मासा ओळखून घ्यायला फोटो पाठवायचा असेल तर तीन फोटो पाठवा: तोंड जवळून, पाठीवरचा पर उघडलेला, आणि पूर्ण मासा कडेने. झाडाचा असेल तर एका देठाभोवतीची पानं मोजता येतील असा एक, आणि पानाच्या कडेचा एक. तपकिरी मासा दिसला तर आधी मिशा आहेत का बघा.