फाल्गुनातली नोंद: शेवगा, तांबट आणि पळसाचं पाणी

माघ सरला. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचं गवत वाळून कोळ झालंय, पायवाटांवर नुसता फुफाटा उडतोय, आणि तरी बघण्यासारखं सगळ्यात जास्त आत्ताच आहे. आपल्याकडचा वसंत असा कोरडाच येतो. पानं झडलेल्या फांद्यांवर थेट फुलं.

काटेसावर ऐन भरात आहे. साळुंक्या फुलात डोकं घालून मध पितात आणि बाहेर येतात ते कपाळाला पराग फासूनच. पळस अजून काळपट मखमली कळ्यांतच अडकलाय, खाणीच्या बाजूच्या एकाच झाडाने घाई केली. गिरिपुष्पाखाली, म्हणजे उंदीरमारीखाली, मात्र फोटोवाल्यांची झुंबड आहे. दिसतो सुंदर, नाही कोण म्हणतं? पण मूळचा मध्य अमेरिकेतला, आणि आपल्या नोंदीच्या दृष्टीने कामाचा नाही, उंदीरमारीचं काय शिजवणार!

या वेळची खरी कमाई खाली, सोसायटीच्या शेवग्यावर झाली. त्याची एक फांदी वाळलेली आहे. छाटायचं चाललं होतं, माळीदादांना सांगून ठेवून घेतली, कारण तिच्या खालच्या अंगाला तांबट पक्ष्यांची जोडी घरट्यासाठी भोक पाडतेय. नर-मादी आळीपाळीने येतात. आधी चोचीने ठोकाठोक, मग आत शिरून भुसा तोंडात धरायचा आणि भोकातून डोकं बाहेर काढून झटकायचा. भोक खालून असल्याने वळवाची सर आली तरी पाणी आत शिरत नाही. शेवग्याचं लाकूड मऊ, म्हणून त्यांना सोयीचं. जवळून बघायचं असेल तर सकाळी नऊच्या आत बघा. नंतर नुसतं ‘टुक टुक’ ऐकू येतं, पक्षी दिसत नाही.

त्याच झाडाची फुलं स्वयंपाकघरात. फुलं तोडली तर शेंगा जातात, म्हणून रात्री झाडाखाली जुनी चादर अंथरायची आणि सकाळी आपोआप गळलेली फुलं उचलायची. ऊन चढलं की ती मलूल होतात. देठ खुडून मिठाच्या पाण्यात ठेवली की आतले बारके किडे, मुंग्या वर येतात.

गेल्या खेपेला पीठ पेरून भाजी केली होती. चांगली झाली, पण बेसनाखाली फुलांचा वास दबतो. या वेळी मूगडाळ घातली. दोन वाट्या फुलांना पाव वाटी डाळ, अर्धा तास भिजवलेली. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग कांदा आणि हळद. डाळ अर्धवट शिजली की पिळून घेतलेली फुलं आणि मीठ घालायचं, झाकणात पाणी ठेवून एक दणदणीत वाफ काढायची. परतत बसू नका, लगदा होतो. वरून ओलं खोबरं. मागाहून किंचित कडसर लागते, आणि माझ्या मते तीच तिची गंमत आहे. गूळ घालून तो कडूपणा मारणाऱ्यांशी माझं पटत नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर खावी. फुलं चोरटी होतात, चार माणसं जेवायला असतील तर दुसरी भाजी टाकाच.

पळसाच्या रंगाचंही जमतंय. पहिल्या झाडाखालची गळलेली फुलं पाण्यात उकळली तर हळदीसारखा पिवळा रंग उतरला. त्यात खायच्या चुन्याची चिमूट टाकली आणि बघता बघता तो केशरी झाला. होळीला एवढं पुरे. कापड कायमचं रंगवायचं तर आधी तुरटीच्या पाण्यातून काढावं लागेल, तो प्रयोग पळस पुरता फुलल्यावर.

आंब्याखाली सुपारीएवढ्या बाळकैऱ्या गळायला लागल्यात, तूर्त त्यांचा तिखटमिठाशी संसार चालू आहे. कडुनिंबाला अजून फक्त तांबूस पालवी आहे. पाडव्यापर्यंत फुलला तर चटणीत या वर्षी पानांऐवजी फुलंच वाटणार: भिजवलेली हरभरा डाळ, गूळ, जिरं, हिंग, चिंच. कोणाकडे आधीच फुलला असेल तर गाव आणि तिथी कळवा.