आमची वाटचाल: पाच क्विंटलला एक गाठ

वडनेरला बसून सॉफ्टवेअरचा धंदा होत नाही, असं नागपूरच्या पुष्कळ शहाण्यांनी आम्हाला ऐकवलं. आम्ही करतो आहोत. जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्यांसाठी, प्रोग्रॅम बनवतो. काट्यावरचं वजन थेट बिलात, शेतकऱ्याचं पेमेंट, रुई-सरकीचा हिशेब, गाठींचा स्टॉक. ऐन हंगामात मागे बंड्या-ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना काट्याच्या इंडिकेटरची केबल ज्याने हलवून हलवून लावली आहे, त्याला यापुढे काही समजवावं लागत नाही.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे जिनवाले काकाजी. कापसात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठ दाबून ओल बघायचे आणि उतारा, म्हणजे शंभर किलोला रुई किती निघेल ते, सांगून मोकळे. त्यांचा आकडा एकच, पाच क्विंटलला एक गाठ. चौतीस टक्के उतारा धरला तर ५०० किलो कापसातून १७० किलो रुई निघते, तीच एक गाठ. बारदाना, मजूर, बँकेची लिमिट, सगळं ते यावर धरायचे. हंगाम संपला की खरा उतारा काढून आकडा पुन्हा ताडून बघायचे. एकदा मला म्हणाले, "तुह्या धंद्यात असा आकडा कोन्ता हाय, बाबू?"

तेव्हापासून मी लाल पाठीची खतावणी ठेवली. डावीकडे प्रोग्रॅम लिहिणारा पोरगा कामाला किती दिवस म्हणाला ते, उजवीकडे खरे किती लागले ते. त्यातून आमचे आडाखे निघाले. नव्या पोराचा अंदाज गुणिले तीन, जुन्याचा गुणिले दोन, आणि काम काट्याशी जोडलेलं असेल तर वर एक आठवडा. बाहेरचेही आकडे लावून पाहिले. आयबीएममध्ये ओएस/३६० या कॉम्प्युटर चालवणाऱ्या मोठ्या प्रोग्रॅमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सने १९७५ साली वेळेची वाटणी लिहून ठेवली आहे: एक तृतीयांश आखणीला, एक षष्ठांश कोड लिहायला, उरलेला अर्धा तपासणीला. गिऱ्हाइकाला हे सांगा, तो म्हणतो अर्धा वेळ कशाचे पैसे घेता? बेल लॅब्सच्या टॉम कारगिलचा आकडा तर सगळ्यांना झोंबतो. पहिलं नव्वद टक्के काम नव्वद टक्के वेळ खातं, आणि राहिलेलं दहा टक्के काम दुसरा नव्वद टक्के. अमेझॉनमध्ये म्हणे दोन पिझ्झ्यांत जेवेल एवढीच टीम ठेवायची. वडनेरात पिझ्झा कुठला? आमची एका घाण्याच्या आलुबोंड्यात भागते.

आता २०१७. जुलैत जीएसटी आला, तो कसाबसा पचवला. मग १५ नोव्हेंबरपासून नियम लागला की शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा पाच टक्के कर खरेदीदारानेच रिव्हर्स चार्जने भरायचा. म्हणजे खरेदीचं बिल वेगळं, कराचं खातं वेगळं, रिटर्नमध्ये जागा वेगळी. आणि कापूस तर दारात येऊन पडलेला, तोही बोंडअळीने खाल्लेला.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेव्हा तीन-चार जिनांचा एक गट होता. त्यांचे मॅनेजर म्हणाले, माणसं वाढवा. एका पोराचं दहा दिवसांचं काम दहा पोरं एका दिवसात करतील. मी फळ्यावर मांडून दाखवलं. आम्ही चौघं, म्हणजे आपसात बोलायच्या जोड्या सहा. आठ झालो की जोड्या अठ्ठावीस. शिवाय नव्याला उतारा म्हणजे काय इथपासून शिकवणार कोण? तर हीच चार पोरं, स्वतःचं काम बाजूला ठेवून. उशीर झालेल्या कामावर नवी माणसं घातली की काम आणखी लांबतं, हेही त्याच ब्रूक्सचं. मॅनेजर फळ्याकडे न बघता फोन बघत होते.

आठवड्यात काम नागपूरच्या एका कंपनीकडे गेलं. "तीस पोरं लावतो," हे त्यांचं कोटेशन. आमची दोन पोरंही त्यांनीच ओढली, दुप्पट पगारावर. माझा मावसभाऊ भागीदार होता, तोही हिशेब करून मोकळा झाला. त्या महिन्याचे पगार मी घरचं सोयाबीन पडत्या भावात विकून केले.

काकाजींकडेही तेच कोटेशन गेलं होतं. ते आम्हाला म्हणाले, "मी हातानं बिलं फाडतो. तू निवांत कर. पोट्टे नको वाढवू." दिवाणजीला कार्बन घालून त्यांनी खरंच बिलबुकं फाडायला बसवलं. खतावणी उघडून मी दिलेली तारीख आम्ही पाळली, आणि ती बिलं एका रात्रीत चढवली. तीस पोरांचा प्रोग्रॅम त्या गटाकडे चालू झाला तेव्हा हंगाम संपून जिनं बंद झाली होती आणि रेच्यांना, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांना, तेल लावून ठेवलं होतं.

२०१८ पासून सांगण्यासारखं काही नाही. गिऱ्हाईकं वाढली, इन्व्हर्टर बदलला.

नव्या पोरांना मात्र एक सांगतो, विचारलं नसलं तरी. दुसऱ्याचा आकडा उसना घ्या, पण वर्षभरात स्वतःच्या वहीतून तो दुरुस्त करा. त्या बोंडअळीच्या साली काकाजींनीही पाच क्विंटलला गाठ धरणं सोडून दिलं होतं. आणि पोरांचे आकडे पगाराला जोडू नका. जोडले की पोरगं चार दिवसांचं काम दहाचं सांगतं, मग वही जाळली तरी चालेल.

त्या गटाकडे आमचं शेवटचं बिल अजून बाकी आहे. दर दिवाळीला स्टेटमेंट पाठवतो. मॅनेजर बदलले, उत्तर तेच येतं, "जुन्या फाइलीत बघतो जी."